शेजारणीची एक पायली

फार पूर्वी, रस्त्यावर मोटारी नव्हत्या आणि बैलगाडीच सगळ्यांचं वाहन होतं तेव्हा, एका घाटाखालच्या गावात एक गाडीवान राहत होता. बाजार घाटापलीकडे असल्यामुळे त्या गावात बाप्ये काय नि बायका काय, सगळेच गाडी हाकायचे.

घाट मोठा खट्याळ. वर्षाकाठी चार-दोन गाड्यांची चाकं मोडायचीच. म्हणून गावानं चावडीत एक कणगी ठेवली होती. सुगी झाली की प्रत्येक गाडीवाल्यानं तिच्यात ज्वारी घालायची, आणि ज्याची गाडी मोडेल त्याच्या सुताराला त्यातून धान्य द्यायचं. त्यात पुरुषानं दोन पायल्या घालायच्या आणि बाईनं एक. का, तर पूर्वी कधीतरी पुरुषांनी पैजा लावून गाड्या उधळल्या होत्या आणि कणगीचा तळ दिसला होता.

आपल्या गाडीवानानं बारा वर्षांत चाकाचा एक आरासुद्धा मोडू दिला नव्हता. तरी त्याच्या दोन पायल्या आणि शेजारणीची एक! त्याचं दुखणं खरंच होतं हो. पण चावडीत बोलायचं सोडून तो मनात कुढत बसला. शेजारीण ज्वारी घेऊन निघाली की हा कुंपणाआडून बघायचा. हळूहळू त्याला तिचे बैल जास्त गुबगुबीत दिसायला लागले, तिच्या भाकरीचा वास जास्त खमंग यायला लागला.

"माझ्या पायलीवर पोसली जाते ही!" तो बायकोजवळ चरफडायचा.

"अहो, मग पाटलांना सांगा की, तुमची एक कमी करा म्हणून."

"माझी कमी नको. तिच्या दोन झाल्या पाहिजेत!"

शेवटी एका सुगीला चावडीत त्याच्या तोंडून निघालंच, "पाटील, कासरा बांगडीच्या हातात आहे की बिनबांगडीच्या, हे बैलाला काय कळतं?"

पाटलांना ते पटलं. "बरं. उद्या सगळ्यांनी ताकाची भरली घागर गाडीत ठेवून घाट उतरायचा. भरलेली आणेल त्याची एक पायली, अर्धी आणेल त्याच्या दोन, रिकामी आणेल त्याच्या तीन. बाप्या-बाई बघायचं नाही."

सकाळी गाड्या निघाल्या. घाट गाडीवानाच्या पायाखालचा होता. त्यानं नेहमीसारखी गाडी हाकली असती तर थेंब सांडला नसता. पण पुढं शेजारणीची गाडी होती आणि तिची घागर हलतसुद्धा नव्हती. 'म्हणजे हिची यंदाही एकच!' तो चरफडला. बाजूनं जोरात गाडी काढली तर तिचे बैल बुजतील, थोडं तरी ताक सांडेल, असं त्याला वाटलं. त्यानं अरुंद वळणावर बैल पिटाळले. तिचे बैल बुजले नाहीत, याचंच चाक चरात गेलं. गाडी कलली आणि घागर पालथी झाली.

शेजारणीनं गाडी थांबवली. "दादा, तुम्ही बैल धरा, मी चाकाला खांदा देते." चाक वर आलं खरं, पण तेवढ्यात तिचे बैल धरायला कुणी नव्हतं, ते पुढं सरकले आणि तिचं निम्मं ताक सांडलं.

चावडीत काही बायकांच्या घागरी रिकाम्या निघाल्या, काही पुरुषांच्या भरलेल्या. गाडीवानाच्या तीन पायल्या कणगीत पडल्या. मग शेजारणीची पाळी आली.

"अर्धी. दोन पायल्या," पाटील म्हणाले. "कसं गं सांडलं?"

"बैल सरकले, पाटील," ती एवढंच म्हणाली.

एक पायली ओतली गेली. माप दुसऱ्यांदा तिच्या पोत्यात गेलं. बारा वर्षं तो याच घटकेची वाट बघत होता. आता त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला मान वर करवेना.

त्यानं पुढं होऊन माप धरलं. "थांबा. ती माझं चाक काढायला उतरली म्हणून तिचं सांडलं. आणि चाक चरात गेलं ते माझ्या जळफळाटानं. ही पायली माझ्या पोत्यातून घ्या."

त्या वर्षी त्यानं चार पायल्या घातल्या. नियम मात्र त्यानं चावडीत मागितला होता तसाच झाला.

तात्पर्य: गाडी कशी हाकली ते बघून पायली ठरवावी, बाई की बाप्या ते बघून नव्हे. आणि न्याय मागायला जाताना मत्सर घरी ठेवून जावं.