चारही बाजूंचे फोटो

"पण मागचा फोटो लागतोच कशाला, सर? मागून कोण बघतं?"

मुजावर सर चहा पीत राहिले. कॉलेजात शिल्पकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता मिरजेतल्या घरामागच्या शेडमध्ये एखाद्याच विद्यार्थ्याला शिकवायचे. उत्तर देण्याची त्यांना कधीच घाई नसे.

हेमांगीला घाई होती. डिझाइनच्या संस्थेत प्रवेश हवा तर पोर्टफोलिओतल्या प्रत्येक त्रिमितीय कामाचे चारही बाजूंनी फोटो द्यायचे होते. पुठ्ठ्याची खुर्ची, बांबूचा दिवा, तारेचा बगळा... सगळं चोख झालं होतं. अडलं होतं ते आईच्या मातीच्या अर्धपुतळ्यापाशी. आणि तो नसेल तर बाकीचं काहीच तिला पाठवायचं नव्हतं.

आई गेली तेव्हा ती पहिलीत होती. पुतळा तिनं भिंतीवरच्या फोटोवरून केला होता. फोटो समोरून काढलेला. त्यामुळे डोक्यामागे नुसताच मातीचा गोळा.

पोर्टफोलिओच्या क्लासवाल्यांकडे तोडगा तयार होता. कुठल्याही बाईचा अंबाडा मागे चिकटव, तपासणाऱ्यांना काय कळतंय. पोरांना घडवायच्या नावाखाली हे लोक पोरांना फसवायला शिकवतात, आणि वर भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांची नावं मिरवतात.

हेमांगीनं तो तोडगा सरांना सांगितला, जरा तोऱ्यातच.

"मग? चिकटवलास?"

"नाही."

"का?"



"दुसऱ्याच कुणाची तरी आई झाली असती."

सरांनी कप खाली ठेवला. आई तुला कुठं घेऊन जायची, असं त्यांनी विचारलं. शाळेत, ती म्हणाली. रोज लुनावरून सोडायची.

"आणि तू कुठं बसायचीस?"

"मागे—"

तिची नजर पुतळ्यामागच्या गोळ्याकडे गेली.

सर उठले. माती सुकू नये म्हणून ठेवलेलं ओलं फडकं त्यांनी पिळलं आणि आईच्या चेहऱ्यावर टाकलं. पुतळा फिरवून मागची बाजू तिच्यापुढे आणली. मग बाहेर जाऊन बसले.

हेमांगीनं मातीवर हात ठेवला.

घट्ट घातलेली वेणी. मानेवर वाऱ्यानं सुटलेल्या बटा. खांद्यावरची सेफ्टी पिन, तिच्या गालाला टोचणारी. बोटं थांबेनात.

उन्हं उतरली तेव्हा तिनं फडकं उचलून चेहरा पाहिला. भिंतीवरच्या फोटोतली बाई. तिनं तो पुन्हा झाकला, आणि सरांना हाक मारली.

ते आत आले.

"ही अशीच पाठवली, तर संस्थेतले विचारतील, सर. चेहरा का दाखवत नाही म्हणून... काय सांगू?"

सर त्या पाठमोऱ्या मानेकडे बघत होते.

"सांग, गाडी चालवतेय. मागं वळून बघता येत नाही तिला."