साळू पुन्हा दगडापाशी गेली

एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक साळू राहत असे. अंगभर काटे, बिबट्यालाही दोन पावलं मागे सरायला लावतील असे. आणि तिला भीती कशाची वाटायची? एका सपाट दगडाची.

त्या दगडाभोवती रोज दिवस कलताना पानांचा डाव बसायचा. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळायची आणि मधे तीन पानं उताणी पडायची. सागाचं पान सगळ्यांत मोठं, चिंचेचं सगळ्यांत लहान. दोन सारखी जमली तर चांगलं. तीन सारखी जमली तर त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. पैजेला बेहडे, म्हणजे बेहड्याची वाळकी फळं. मुलांनो, हा खेळ नुसत्या नशिबाचा आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. समोरच्याच्या पंजाखाली काय आहे ते त्याच्या वागण्यावरून ओळखायचं आणि आपल्या पंजाखाली काय आहे ते त्याला कळू द्यायचं नाही, असा तो खेळ होता. साळूचं डोकं त्यात छान चालायचं. अडचण एकच होती. घाबरली की तिचे काटे खडखडायचे. हलकी पानं असताना तिने मोठी चाल केली की लगेच खड् खड् खड्. म्हातारा कोल्हा डोळे मिटून ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

गेल्या वर्षी त्याने तिला पार धुतलं. तिचे बेहडे संपत आले. पानं टाकून डावातून बाहेर पडायची मुभा सगळ्यांना होती, पण जो टाकेल त्याला थोर मंडळी भित्रा म्हणायची. "टाकतेस काय, पोरी? लाव की काहीतरी!" अस्वलकाका ओरडले. "तुझ्या वयात आम्ही गुहा लावायचो!" (कधीच लावली नव्हती. मी चौकशी केली आहे.) साळूने स्वतःचं बीळ लावलं. काटे खडखडले. कोल्ह्याने पानं उलटली आणि बीळ गेलं.

तो अख्खा पावसाळा साळूने एका कपारीत काढला. पाठ आत, तोंड बाहेर, आणि समोर पाण्याची धार. दोनदा बिबट्या येऊन हुंगून गेला. दुसऱ्यांदा तर त्याचा श्वास तिच्या नाकावर आला. तिने काटे उभारले खरे, पण त्यातले निम्मे त्या महिन्यांत गळून पडले होते. आणि जंगलात काय चाललं होतं? ज्यांनी "लाव, लाव" म्हणून घसा कोरडा केला होता तेच अस्वलकाका सांगत फिरत होते, "हल्लीच्या पोरांना संयम म्हणून नाही." घोरपडमावशी म्हणाल्या, "मला तर तेव्हाच दिसत होतं." दिसत होतं तर तोंड का उघडलं नाही, हे मावशींना कुणी विचारलं नाही. मोठ्यांना असलं कुणी विचारत नाही, म्हणून तर ते मोठे.

पाऊस सरल्यावर साळूने नवं बीळ खणलं. काटे हळूहळू परत आले. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो खेळ अजून आवडतो. बेहड्यांसाठी नाही. डोकं चालवायला. पण ते कळलं त्या क्षणीच तिचे काटे खडखडले. तिला कोल्ह्याची भीती नव्हती. गेल्या वर्षी दगडापाशी बसून जिने "माझं बीळ" असं म्हटलं होतं, त्या साळूची भीती होती. ती अजून आपल्यात आहे की गेली, हे तिला कुठे माहीत होतं?

मग ती रोज बिळात एकटीच बसून स्वतःला दोन पानं वाटू लागली. वाटायची, बघायची आणि टाकायची. हलकी टाकणं सोपं होतं. चांगली टाकताना काटे खडखडायचे. तरी टाकायची. महिनाभर तिने दुसरं काही केलं नाही. शेवटी एके दिवशी तिने आपला एक गळालेला काटा बिळाच्या तोंडाशी रोवला. "काही झालं तरी हे बीळ पैजेत येणार नाही," ती त्या काट्याला म्हणाली, आणि अकरा बेहडे घेऊन निघाली.

"अरे वा! आल्या का बाईसाहेब!" कोल्ह्याने जागा न देताच स्वागत केलं. "पण नियम ठाऊक आहे ना? सोडून गेलेल्याला एकच बैठक. सूर्य टेकडीआड जाईपर्यंत तुझ्याकडे एक तरी बेहडा उरला, तर ही जागा तुझी. संपले, तर पुन्हा या दगडाकडे फिरकायचं नाही."

असा नियम आधी कधीच नव्हता. वडीलधाऱ्यांना तो तिला बघून सुचला. प्रत्येक डावाला एक बेहडा आधीच मधे टाकावा लागे, म्हणजे गप्प बसूनही बेहडे जाणारच होते.

साळू बसली. बसताक्षणी काटे खडखडू लागले.

"अगं, अजून पानं वाटली नाहीत!" अस्वलकाका पोट धरून हसले. "भीती जाईपर्यंत घरी थांबायचंस की, बाळ. आधी भीती घालवायची, मग यायचं. आमच्या वेळी असंच होतं."

"किती दिवस थांबू, काका?"

"जाईपर्यंत."

"आणि गेलीच नाही तर?"

काकांनी कान खाजवला. 

पहिल्या तीन डावांत साळूने पानं टाकली. तीन बेहडे गेले. "भित्री!" मावशी जिभेने हवा चाटत म्हणाल्या. चौथ्या डावात तिला वडाची जोडी आली. तिने चाल केली, काटे खडखडले. कोल्ह्याने डोळे मिटले, हसला आणि चाल वाढवली. पानं उलटली तेव्हा त्याचं हसणं थांबलं. पाचव्या डावात पुन्हा काटे खडखडले. "आता नाही फसायचा," असं म्हणत कोल्ह्याने पानं टाकली. साळूकडे एक चिंच होती आणि एक करंज. सहाव्या डावात तर ती पानं उचलायच्या आधीच खडखडत होती.

"थांब, थांब," कोल्हा वैतागला. "तू नक्की कशाला घाबरतेस? चांगल्या पानांना की वाईटांना?"

"सगळ्यांनाच," साळू म्हणाली. आणि ते खरं होतं. पूर्वी ती फक्त थाप मारताना घाबरायची, म्हणून कोल्ह्याला कळायचं. आता ती बसल्यापासून उठेपर्यंत घाबरत होती. त्या आवाजातून कोल्ह्याला काही म्हणजे काही कळेना. आयुष्यभर त्याने त्या एका आवाजावर शहाणपण मिरवलं होतं. ते काढून घेतल्यावर तो नुसता एक म्हातारा कोल्हा उरला.

सूर्य टेकडीला टेकला. शेवटचा डाव. साळूच्या पंजाखाली सागाची दोन पानं आली. मधे दोन पळस पडले होते आणि एक चिंच. अस्वलकाका आणि मावशी बाहेर पडले. कोल्ह्याने साळूकडे बराच वेळ पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"बेहड्यांचा काय खेळ, पोरी? तुझं जुनं बीळ माझ्याकडेच आहे. कोरडं, ओढ्यापासून उंच, तुझ्या आईने खणलेलं. ते मी लावतो. तू तुझं नवं लाव."

फक्त काटे वाजत होते. त्याच्याकडे तिसरा पळस किंवा चिंचेची जोडी असेल तर ती पुन्हा कपारीत. नसेल तर आईचं बीळ तिचं. नसणारच, तिचं डोकं सांगत होतं. आणि नेमकं तेव्हाच तिला आतून एक ओळखीचा आवाज ऐकू आला. 'लाव. या वेळी नक्की.' गेल्या वर्षीचीच साळू ती. कुठे गेली नव्हती. इथेच, सागाच्या पानांखाली, दबा धरून बसली होती. तिला बिबट्याच्या श्वासाचीसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.

"लाव गं!" अस्वलकाका ओरडले. काहीच शिकले नव्हते. "लाव! घाबरतेस काय?"

"हो, घाबरते," साळू म्हणाली, आणि तिने सागाची दोन्ही पानं टाकली.

सूर्य टेकडीआड गेला. तिच्यापुढे तेरा बेहडे होते.

कोल्ह्याने मुद्दाम, सावकाश, आपली पानं उलटून दाखवली. एक चिंच. एक करंज. "बघ," तो म्हणाला. "जिंकली असतीस. आईच्या बिळात झोपली असतीस आज."

"अरेरे," अस्वलकाका म्हणाले. "मी सांगत होतो."

साळू बेहडे गोळा करून निघाली. घरापर्यंतच्या वाटेवर काटे वाजतच होते आणि कोल्ह्याचं "जिंकली असतीस" मागून येतच होतं. बिळाच्या तोंडाशी तो काटा होता तसाच उभा होता. ती आत शिरली. ओल नव्हती. पाऊस नव्हता. बाहेर कुणी हुंगत नव्हतं. तिने पाठ टेकली आणि काट्यांचा आवाज तसाच चालू असताना तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना ती त्यातले अकरा बेहडे घेऊन दगडापाशी गेली. जागा आता तिची होती, तरी कोल्हा पाय पसरून तिथेच बसला होता.

"काय गं, अजून खडखडतेसच?" तो म्हणाला.

"हो," साळू म्हणाली. "सरका."

आणि कोल्हा सरकला.

तात्पर्य : भीती गेल्यावर परत येऊ, असं म्हणणारा कधीच परत येत नाही; भीतीला सोबत घेऊन या, पण राहतं घर कधीच पणाला लावू नका. आणि ज्यांचं स्वतःचं काहीच जाणार नसतं ते जेव्हा "लाव, लाव" म्हणून ओरडतात, तेव्हा ते वयाने कितीही मोठे असले तरी पानं टाका आणि घरी जा. जिंकला असतात तरीसुद्धा.