साळूआज्जीचा घोट

लेकरांनो, जवळ सरका. बायांनो, हातातलं सूप घटकाभर खाली ठेवा. ही गोष्ट उमळाईच्या झऱ्याची आहे, तेव्हा पाणी पितो तशी शांतपणे ऐका.

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या एका सोंडेखाली करंजसोंड नावाचं गाव होतं. गाव उसाचं. दिवाळी सरली की मळ्यामळ्यात गुऱ्हाळं लागायची. चुलवाणं धडधडायची, काहिलीत रस उकळायचा आणि त्याचा वास इतका लांब जायचा की वाट चुकलेला माणूस नुसता वास धरून गावात पोचायचा. आल्या पाहुण्याला तिथं कुणी पाणी विचारायचं नाही, रस विचारायचे. लेकरं डोळे चोळत उठायची ती थेट गुऱ्हाळावर. आधी वाटीभर रस, मग काकवीचं बोट, मग परत रस. "पाणी काय, गुरंबी पित्यात," असं बाया हसून म्हणायच्या. त्या गावच्या मुंग्यासुद्धा सांडलेली साखर नुसती हुंगून पुढं जायच्या, असं म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला खडक फोडून एक झरा वाहायचा. झऱ्याच्या वर, पायऱ्या चढून गेलं की उमळाईचं देऊळ. त्या देवीला रोज सकाळी स्नान घालायचं काम साळू नावाच्या एका बाईकडं होतं. तिला मूलबाळ नव्हतं, घरधनी तरुणपणीच गेला होता. झऱ्यावर तांब्याची घागर भरायची, कमरेवर घ्यायची आणि वर चढायचं. पाऊस कोसळत असो की वैशाख भाजत असो, देवीच्या अंगावर पडेपर्यंत ती घागर वाटेत कुठं टेकवायची नाही. घागर काठोकाठ असायची, तरी तिच्या चालण्यानं पाण्याला तरंगसुद्धा उठत नसे, असं म्हणतात. गावातली लेकरं तिला साळूआज्जी म्हणत.

आता त्याच गावात रावजी म्हणून एक गुळव्या होता. काहिलीतल्या रसाचा नुसता आवाज ऐकून गूळ कधी उतरवायचा ते सांगायचा, असा तो कसबी. त्याची बायको बना. घरात गुळाच्या ढेपा छपराला लागलेल्या, गोठ्यात दुभती म्हैस, पण पाळणा रिकामा. बनानं उपास केले, खणानारळानं ओट्या भरल्या. शेवटी एका सकाळी ती उमळाईसमोर बसली आणि पदर पसरून बोलली, "आई, माझ्या पोटी एक लेकरू दे. त्याच्या ओठाला मी कधी नुसतं पाणी लावणार न्हाई. जे पाजीन ते गोडच पाजीन."

खांबाच्या आड साळूआज्जी घागर घेऊन उभी होती. तिच्या कानावर ते पडलं.

"बना, असलं गं काय बोललीस?"

"का आज्जी? वाईट काय बोलले?"

"उपास करायचा तर तू कर. अनवाणी चालायचं तर तू चाल. नवस तुझा आणि भार लेकराच्या जिभेवर, हे कसं?"

बनाला राग आला. वाईटही वाटलं. "तुम्हाला लेकरू न्हाई आज्जी, तुम्हाला काय कळायचं," असं बोलून ती उठली.  साळूआज्जीनं देवीच्या अंगावर पाणी घातलं आणि रिकामी घागर घेऊन ती पायऱ्या उतरली.

देवीनं मात्र बनाचं ऐकलं. पुढच्या सुगीला तिच्या घरी मुलगी झाली. नाव ठेवलं बाळाक्का. रावजीनं गावभर गूळ वाटला. लेकरू अंगावर पीत होतं तोवर सगळं छान होतं, गाल वर आले, मनगटाला वळ्या पडल्या. पण दूध तुटलं आणि देवीला दिलेला शब्द पाळायची वेळ बनावर आली. तहान लागली की गूळपाणी, भूक लागली की काकवी घातलेलं दूध, रडली की रस. बना कुठंही चुकली नाही. नवस फेडणारी बाई अशी असावी, असं सगळं गाव म्हणायचं.

आणि बाळाक्का वाळायला लागली.

जेवायला बसवलं की तोंड फिरवायची. भाकरीचा तुकडा गालात धरून ठेवायची. नवे आलेले दात काळे पडले, मग झिजले, आणि दुपारच्या वेळी गाल धरून ती अशी रडायची की ऐकवायचं नाही. पोट कधी फुगलेलं, कधी बिघडलेलं. शेजारची पोरं विटीदांडू खेळायची, ही उंबऱ्यावर बसून राहायची. मधमाश्या पोळं सोडून तिच्या ओठांभोवती घोंघावत, बनानं पदरानं कितीही हाकलल्या तरी परत येत, असं म्हणतात.

"अक्का, पोरीच्या तोंडात गुऱ्हाळ मांडलंयस तू," बनाची जाऊ एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "एक दिवस नुसतं पाणी पाजून तर बघ."

"आणि देवीनं परत न्हेली तर?"

 थापलेली भाकरी जावेच्या हातातच राहिली.

बायांनो, बनाला कळत नव्हतं असं नाही. आईला कळतंच. पण ज्या देवीनं दिलं तिला दिलेला शब्द कसा मोडायचा? गोड पाजलं तर लेक हळूहळू जाते आणि न पाजलं तर देवी एका क्षणात नेते, असं तिच्या मनानं घेतलं होतं. 

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. बाळाक्काला ताप भरला. दिलेलं गूळपाणी पोटात ठरेना. ओठांना चिरा पडल्या, डोळे खोल गेले. बनानं तिला खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढून देवळात आली. रावजी मागोमाग आला, जाऊ आली, निम्मं गाव आलं. गाभाऱ्यात साळूआज्जी देवीला स्नान घालत होती. काळ्या पाषाणावरून पाणी झुळझुळत खाली येत होतं. देवीच्या कपाळावरून, ओठांवरून, हनुवटीवरून.

खांद्यावरची पोर त्याकडं टक लावून बघत होती. इतक्या दिवसांत जिच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, ती स्पष्ट बोलली, "आई, देवी पिती ते मला दे."

 देवीच त्या लेकराच्या तोंडून बोलली, असं म्हणतात. बनानं मात्र घाबरून लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

"हात काढ बना. लेकरू तहानलंय," साळूआज्जी म्हणाली.

"आज्जी, शब्द मोडला तर ती न्हील माझी पोर!"

"रोज देवीला न्हाऊ घालते, पाणी पाजते मी. एकदा तरी त्यात गूळ घातला का? कधी रागावली का गं ती माझ्यावर?"

"तुम्ही नवस बोलला न्हवता. मी बोलले हुते."

देवळातला तात्या गुरव म्हातारा माणूस होता. तो म्हणाला, "भांडू नगा. कौल लावू. आईच सांगंल."

त्यानं चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या. एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर नवसातून मोकळीक, डावी पडली तर नाही. सगळे हात जोडून बसले. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत आली, सरकत सरकत देवीच्या पायापाशी पोचली. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. ना उजवी, ना डावी. बनाच्या मांडीवर लेकीचा श्वास बारीक होत चालला होता.

तेव्हा साळूआज्जी पुढं आली आणि तिनं बनासमोर आपला पदर पसरला. ओला, विरलेला, ठिगळ लावलेला पदर. "तुझा नवस टाक यात. आजपासनं तो माझा. दोष लागायचा तर मला लागंल. मला मागंपुढं कोण हाय?"

बना त्या पदराकडं बघत राहिली. याच बाईला आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं. त्याच्या आधी ती आपल्याला काय म्हणाली होती, तेही आठवलं. तिनं साळूआज्जीचा पदर हळूच मिटवला.

"न्हाई आज्जी. बोलले मी, फेडीन मी."

मग तिनं देवीच्या पायावर डोकं ठेवलं. "आई, माझं काही द्यायचं सोडून मी तुला लेकराचं दिलं. चुकलं माझं. तिची जीभ तिला परत दे. त्याच्या बदली माझी घे. आजपासनं गुळाचा खडा माझ्या जिभेला शिवणार न्हाई. आणि साळूआज्जीसंगं तुझं पाणी मी वाहीन."

गुळव्याची बायको ती. सकाळ संध्याकाळ गुळाच्या वासात जगणारी. जमलेल्या बाया हळहळल्या. पण तिचं बोलणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी सुटली. ओल्या पाषाणावरून घरंगळली, पायाशी क्षणभर थांबली आणि शेजारच्या अर्ध्या भरलेल्या घागरीत जाऊन पडली. त्याच वेळी खालच्या झऱ्याचा आवाज गाभाऱ्यात भरून आला, जणू तो पायऱ्या चढून वर आला होता, असं म्हणतात.

साळूआज्जीनं घागरीत हात घातला आणि ओंजळ बाळाक्काच्या ओठांना लावली. एक घोट. थोडं थांबून आणखी एक. दिवसभर ती तशीच घोट घोट पाजत राहिली. काही उलटून पडलं नाही. ऊन उतरेतोवर लेकराच्या कपाळाला घाम फुटला आणि ते आईला बिलगून झोपी गेलं.

एवढ्यावर सगळं झालं असं समजू नका. ताप देवीनं उतरवला, पण सवय कुणी उतरवायची? बरी झाल्यावर बाळाक्का परत गूळपाण्यासाठी हट्ट धरून बसली. मातीत लोळली, वाटी भिरकावली. मग साळूआज्जी रोज देवळातलं काम झालं की रावजीच्या घरी यायला लागली. दुधातला गुळाचा खडा तिनं एकदम काढला नाही. आज बोराएवढा, मग हरभऱ्याएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि एका सकाळी खडाच नाही. बाळाक्कानं दूध ओठांना लावलं, आज्जीकडं बघितलं आणि पिऊन टाकलं. दुपारच्या जेवणाबरोबर घरचं पातळ ताजं ताक, आणि बाकी सगळा दिवस पाणी. ऊस दिला तर सोलून, तुकड्यातुकड्याचे करवे करून, हातात. "चावून खाऊ दे, प्यायला पाणी हाय," असं ती सांगायची.

रावजी एकदा कुरकुरला, "आज्जी, गुळव्याच्या घरात बिनगुळाचं दूध! लोक मला गुळव्या म्हणायचे का गवळी?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तू म्हैस पीळ."

वर्षं सरत गेली. बाळाक्का भाकरी मागून खायला लागली. काळे दात पडले आणि त्यांच्या जागी तांदळासारखे शुभ्र दात आले. मधमाश्या आपल्या पोळ्यावर परत गेल्या. ज्या दिवशी ती पहिल्यांदा धावत धावत पायऱ्या चढली, त्या दिवशी बना निम्म्या वाटेत पायरीवरच खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

हे बघून बाया आपापली लेकरं घेऊन साळूआज्जीकडं यायला लागल्या. मग ती स्वतःच आपली घागर घेऊन घरोघर जायची. गुऱ्हाळाच्या दिवसांत चुलवाणापाशी उभी राहायची. पुरुष चेष्टा करायचे, "रस सोडून पाणी कोण पिणार, आज्जी?" ती म्हणायची, "तू पिऊ नगंस बाबा. लेकराला आधी पाणी मिळू दे. तहान भागली की रस चमचाभर पुरतो." आणि खरंच पुरायचा. ती सगळ्या गावाला पाणी पाजायची, तरी घागरीचा तळ कधी कुणी पाहिला नाही, असं म्हणतात. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हाही नाही. आणि कितीही पाणी ओतलं तरी चाफ्याची ती पाकळी आतच तरंगत असायची, ताजी.

पुढं साळूआज्जी फार थकली. बना आणि बाळाक्का तिच्या दोन्ही बाजूंनी चालायच्या, पण घागर ती कुणाला देत नसे. एका सकाळी त्या दोघींना झऱ्यावर पोचायला अंमळ उशीर झाला. बघतात तो आज्जी नाही. घागर मात्र झऱ्याच्या काठावर, खडकावर टेकवलेली. देवीपाशी पोचायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा टेकवलेली. काठोकाठ भरलेली. लोकांनी डोंगर पालथा घातला, पण आज्जी कुठं दिसली नाही. ती झऱ्यात मिसळली, असं म्हणतात. बाळाक्कानं घागर उचलली तेव्हा खाली खडकाला एक खळगा पडलेला होता. लहान लेकराच्या ओंजळीएवढा. त्यात तेव्हापासून पाणी आहे. वैशाखातसुद्धा आटत नाही, आणि कितीही उपसलं तरी लेकराच्या ओंजळीपुरतं परत भरतं.

बाळाक्कानं घागर कमरेवर घेतली. काठोकाठ भरलेली घागर घेऊन ती सगळ्या पायऱ्या चढली आणि पाण्याला तरंगसुद्धा उठला नाही. बना मागून बघत होती.

म्हणून आजही करंजसोंडला नवं गुऱ्हाळ लागतं तेव्हा चुलवाण पेटवायच्या आधी गुळव्या झऱ्यावर जाऊन कळशी भरून आणतो. पाणी प्यायला लागलेलं मळ्यातलं सगळ्यात धाकटं लेकरू पुढं बसवतात आणि त्याला ओंजळीनं पाजतात. त्याला साळूआज्जीचा घोट म्हणतात. तो झाला की मगच काहिलीत रस पडतो. तिथल्या घराघरात दोन माठ असतात, एक मोठ्यांचा आणि एक खाली जमिनीलगत, लेकराचा हात पोचेल असा. त्याच्यावर छोटा पेला पालथा घातलेला असतो. सणाला गोडधोड होतं, रसही असतो, कुणी नाही म्हणत नाही. पण रोजची तहान त्या खालच्या माठातच भागते.

आणि त्या गावात लेकरासाठी नवस बोलतात तो आईनं पेलायचा असतो. बाळाक्का मोठी झाली, तिला दिवस गेले, तेव्हा ती उमळाईसमोर बसून काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. पण म्हातारी बना खांबाआड उभी होती आणि ती हसली, असं म्हणतात.

तिथलं लेकरू आजही खेळून घामाघूम होऊन येतं, माठापाशी बसतं, पेला भरून पितं. शेवटचा थेंब उंबऱ्यावर सोडतं आणि म्हणतं, "आज्जी, हे तुला."

उमळाई जशी बाळाक्काला पावली, तशी तुमच्याआमच्या लेकरांना पावो. जा आता, तहान लागली असेल. माठ भरलेला आहे.