माळावरचं जातं

फार फार वर्षं झाली त्याला. तेव्हा कंपनी सरकारचं राज्य होतं.

पेल्हम नावाचा गोरा साहेब कोवळ्या वयात पलटणीत आला आणि लढाया मारत कप्तान झाला. डोंगरातले बंडवाले पकडले की तो मेजर होणार होता. पण ते सापडेनात, कारण त्यांना आमच्या बोरजाईवाडीतून रोज टोपलीभर भाकरी जायच्या. पाटलांच्या घरातूनच जायच्या.

साहेबानं इथल्या रीती शिकून घेतल्या होत्या. गाव देवळात जमवून तो म्हणाला, "बेलभंडार उचला आणि सांगा, भाकरी कोण देतं? नाहीतर गाव जाळीन."

बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन इकडे कुणी खोटं बोलत नसे. त्या दिवशी सगळं गाव बोललं. पहिलं पान पाटलांनी उचललं. "माळावरचा म्हाकू धनगर देतो."

म्हाकूला बांधून आणलं, तर तो हसून म्हणाला, "सायेब, तुझ्या लाल कोटाला माझी मेंढरं बुजत्यात. आधी त्यो काढ, मग काय ते इचार."

साहेबानं काही विचारलं नाही. म्हाकूला बाभळीवर फाशी दिलं.

त्याच क्षणी गावातली दळणाची सगळी जाती अडली, असं म्हणतात. दोघी-दोघींनी जोर लावला तरी एकही फिरेना.

साहेब झडतीला माळावर गेला. म्हाकूची आई दारातच बसली होती.

"टोपलीभर भाकरी द्यायला दळावं लागतं. माझ्या खोपटात जातं कुठं हाय ते दाव, सायबा. आम्ही लोकर देऊन गावातनं पीठ आणतो."

साहेबानं आत पाहिलं. जातं नव्हतं.

तो खाली मान घालून परतला. कोट काढून देवळाच्या पायरीवर टाकला, पाटलांचं अडलेलं जातं खांद्यावर घेतलं आणि एकटाच माळ चढला. म्हातारीपुढे दळायला बसला, तेव्हा ते फिरलं, आणि मग खाली गावातली जातीही सुटली, असं म्हणतात. मेजरकीचा कागद आला तो त्यानं उघडला नाही. म्हातारी मरेपर्यंत त्यानं तिचं दळण दळलं. ती त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.

गावाला मात्र तोंड उघडायला आणखी दोन पिढ्या लागल्या.

आजही पौषातल्या अमावास्येला, म्हाकूला फाशी दिलं त्या तिथीला, आमची पिठाची गिरणी बंद असते. बेलभंडार आमच्यात कुणी उचलतच नाही. आमच्यावर विश्वास कोण ठेवील? त्या अमावास्येला घरटी एक भाकरी माळावरच्या जात्याशी जाते. पाटलांच्या घरचं माणूस अनवाणी पुढे असतं. भाकरी ठेवून, मान खाली घालून ते म्हणतं, "म्हाकू, भाकरी आम्ही दिल्या होत्या."

मग मागे उभं असलेलं सगळं गाव तेच म्हणतं, लहान पोरांसकट.