एकही तुकडा उरला नाही

इटलीत डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. त्या गावात एक भोळा राहत होता, नुंझियो त्याचं नाव. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. विसरला असता तर फार बरं झालं असतं, असं गाव म्हणायचं.

नुंझियोच्या धाकट्या बहिणीचं, रोझाल्बाचं, लग्न ठरलं. मुलगा दोनातो, सुतार, कसबी हाताचा. रोझाल्बाचा त्याच्यावर भारी जीव. पण दोनातोची आई, आगाताबाई, शकुन-अपशकुन फार मानायच्या. सकाळी डाव्या पायात आधी बूट गेला, तर त्या परत पलंगावर जाऊन झोपायच्या आणि नव्याने उठायच्या. त्यांनी बजावून ठेवलं, "लग्नात एक जरी अपशकुन झाला, तर मुलाला घेऊन मी सरळ घरी जाईन."

सगळ्यांनी नुंझियोकडे बघितलं.

"दादा," रोझाल्बा म्हणाली, "माझ्या लग्नात घोळ घालू नकोस हं."

"नाही घालणार. पण लग्नात करतात काय?"

दोघांची आई पुढे झाली. ती म्हणाली, "अजून वेळ आहे. तोवर गावातली लग्नं बघ आणि शीक बाबा."

नुंझियो शिकायला निघाला.

पहिलं लग्न पाववाल्याच्या मुलाचं. चर्चच्या दारात एक ओंडका आडवा ठेवला होता. तिकडची रीतच आहे तशी. नव्या जोडप्याने दोन मुठींच्या करवतीने तो मिळून कापायचा. संसार असाच दोघांनी ओढायचा असतो, म्हणून. नवरा ओढत होता, नवरी ओढत होती, दोघं घामाघूम. आणि लोक नुसते बघत उभे! नुंझियोला लोकांची लाज वाटली. तो घरी पळाला, कुऱ्हाड घेऊन आला आणि दोन घावांत ओंडका तोडून मोकळा झाला.

"झालं," तो म्हणाला. "चला आता जेवायला."

नवरी भोकाड पसरून रडली.

आई म्हणाली, "अरे, दोघं मिळून ओढत असली की मधे पडायचं नाही! लांब उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, 'जन्मभर असंच ओढत राहा!'"

"बरं आई. लक्षात ठेवीन."

आणि त्याने ठेवलं, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचं गाढव ओढ्याच्या चिखलात रुतलं. गिरणीवाला दोर ओढतोय, त्याची बायको दोर ओढतेय, गाढव हलत नाही. बायको ओरडली, "नुंझियो, अरे लवकर ये!"

नुंझियो आला. लांब उभा राहिला. टाळ्या वाजवल्या आणि प्रेमाने म्हणाला, "जन्मभर असंच ओढत राहा!"

गिरणीवालीने पायातला बूट काढून त्याला मारला. नेम चांगला होता.

आई म्हणाली, "अरे, कुणी अडकलं असेल तर टाळ्या कसल्या वाजवतोस? धावत जायचं, काखेत हात घालायचे आणि जोर लावून बाहेर ओढायचं!"

"बरं आई. लक्षात ठेवीन."

पुढच्या आठवड्यात पोस्टमनच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेव नवरीच्या खिडकीखाली येऊन गाणं म्हणतो, हीही तिकडची रीत. नवरदेव डोळे मिटून गात होता. नवरी गाणं ऐकायला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली होती. अर्धी बाहेर, अर्धी आत.

"अडकली!" नुंझियो ओरडला. भिंतीला शिडी लावून वर चढला, काखेत हात घातले आणि जोर लावून ओढलं.

नवरी सुटली. नुंझियो सुटला. खिडकीतल्या तुळशीच्या कुंड्याही सुटल्या. सगळं मिळून नवरदेवाच्या अंगावर पडलं, आणि गाणं तिथेच संपलं.

आता मात्र आई चिडली. "त्या कुंड्यांचा एकेक तुकडा गोळा कर! सरसाने जोड आणि ज्याचं त्याच्या हातात नेऊन दे. लोकांचं काही फुटलेलं दिसलं की आधी जोडायचं, समजलं? एकही तुकडा उरता कामा नये!"

दोनातोने आपल्या दुकानातून सरस दिला, लाकूड चिकटवायचा, घट्ट. नुंझियोने कुंड्या अशा जोडल्या की चीर शोधून सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक काम धड जमलं होतं. आईने त्याला जवळ घेतलं. बिचारीला वाटलं, मुलगा शहाणा झाला.

मग रोझाल्बाच्या लग्नाचा दिवस उजाडला.

तिकडे लग्नात साखरेचे पाच बदाम देतात, आशीर्वाद म्हणून. आरोग्य, संपत्ती, सुख, लेकरं आणि मोठं आयुष्य. आईने पाचही आशीर्वाद नुंझियोच्या तोंडात कोंबले. "हे चघळत बस. बोलू नकोस. मदत करू नकोस. कुणाला ओढू नकोस."

नुंझियोने मान हलवली. ओंडका कापला गेला, तो बसून राहिला. तांदूळ उधळले, तो बसून राहिला. रोझाल्बाचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला.

शेवटी फुलदाणी आली. काचेची फुलदाणी जोडप्याने जमिनीवर आपटायची आणि तुकडे मोजायचे. जितके तुकडे, तितकी वर्षं संसार सुखाचा. आगाताबाईंनी मुद्दाम शहरातून पातळ काचेची आणली होती. खळ्‌कन फुटली! बाई मोजता मोजता थकल्या आणि हसल्या. त्या हसतात हे गावाला त्या दिवशी कळलं. तुकडे पांढऱ्या रुमालात बांधून त्यांनी टेबलावर ठेवले, नव्या घरी न्यायला.

मंडळी जेवायला बसली. तिकडचं लग्नाचं जेवण दुपारी सुरू होतं आणि दिवे लागले तरी संपत नाही. त्या गडबडीत नुंझियोची खुर्ची रिकामी झाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

केक कापायच्या वेळी तो आला. हात सरसाने बरबटलेले, चेहरा आनंदाने फुललेला. त्याने अख्खी फुलदाणी रोझाल्बाच्या हातात ठेवली. तोंडातले बदाम काढले आणि म्हणाला, "घे. एकही तुकडा उरला नाही!"



आगाताबाई उठल्या. "एकही वर्ष उरलं नाही! दोनातो, टोपी घे. घरी चल."

"आई, अगं..." दोनातो म्हणाला. टोपीला मात्र त्याने हात लावला नाही.

रोझाल्बाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते आटलं आणि तिथे राग आला. "दादा!" ती किंचाळली आणि फुलदाणी त्याच्या डोक्यावर नेम धरून फेकली.

खाली वाक, असं नुंझियोला कुणी सांगितलं नव्हतं. तरी तो वाकला. फुलदाणी मागच्या दगडी भिंतीवर आदळली आणि तिचा चुरा झाला. आगाताबाई गुडघे टेकून मोजायला बसल्या. एक मूठ मोजली, दुसरी मोजली, मग नाद सोडला. डोळे पुसत उठल्या आणि त्यांनी सुनेला कवटाळलं.

"इतकी वर्षं!" त्या हुंदके देत म्हणाल्या. "अगं, इतकी वर्षं कुणी जगतं तरी का?"

टाळ्या पडल्या, वाद्यं वाजू लागली. दोनातो रोझाल्बाला उचलून नाचू लागला. नुंझियोची आई खुर्चीत मटकन बसली. सुटलो, ती मनात म्हणाली.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"आई, दोनातोकडे आणखी सरस आहे का गं? या वेळी जरा वेळ लागणार."