दहावा रकाना

“मग माझं चुकलं का? तेवढं सांगा.”

लतीफबाबांनी सुई उजेडात धरली आणि दोरा ओवायला घेतला.

“हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, बाबा. मला तीनची एस.टी. गाठायची आहे.”

“हल्ली सुईची भोकं लय बारीक कराय लागल्यात,” बाबा म्हणाले.

वैजयंता ढेबे पायरीवर उभीच होती. बाबांनी ‘बस’ म्हटलं होतं, पण रागावलेलं माणूस बसत नाही. खांद्यावर वाळूचं पोतं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला फॉर्म. रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक व्हायचं शिक्षण, जिल्ह्याच्या गावी, एक वर्षाचं. फॉर्म द्यायची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

तिथं म्हणे पहिल्याच दिवशी माणूस उचलायला लावतात. म्हणून ही मुलगी आठ महिने रोज पोतं घेऊन घाट चढत होती. छाती दाबायचा सराव तिनं घरच्या उशांवर केला, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. घरात आता एक उशी धड राहिलेली नाही. “पोरीच्या जातीला स्ट्रेचर झेपायचं न्हाई,” असं चुलता म्हणाला, तेव्हा तिनं चुलत्यालाच खांद्यावर टाकून अंगणाला फेरी मारली. चुलता अजून तिच्याशी बोलत नाही.

आणि लतीफबाबा म्हणजे घाटाच्या सातव्या वळणावर पिराची कबर आहे, तिथले फकीर. वय सत्तरीच्या पुढे. दरीत गाडी गेली की पहिला दोर त्यांचा पडतो, गेली चाळीस वर्षं. जखमींना वर आणायला ते पिरावरच्या चादरी वापरतात. एकदा काही मंडळी जाब विचारायला आली होती, पिराची चादर रक्तात माखता म्हणून. “पीर काय थंडीनं काकडतुय व्हय?” बाबांनी विचारलं. मंडळी गप परत गेली. पुढच्या उरुसाला त्यांनीच चांगली जाड कापडाची चादर आणली.

तीच आता बाबा शिवत होते. तीन वर्षं वैजयंता त्यांच्यामागं दरीत उतरत होती. सरपंचांची सही फॉर्मवर चालली असती, पण तिला बाबांचीच हवी होती. तिच्या लेखी दुसरी सही सहीच नव्हती.

“वाच,” बाबा म्हणाले.

तिनं वाचलं. नाव. वय. पत्ता. बारावी विज्ञान, एक्क्याऐंशी टक्के. हे तिनं जरा मोठ्यानं वाचलं. वाहन चालवण्याचा परवाना, आहे. पोहता येतं का, येतं.

“... नऊ. रक्तगट. बी पॉझिटिव्ह. अकरा. स्थानिक प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस. इथं तुमची सही.”

“धा कुठं गेला?”

वैजयंतानं फॉर्म खाली घेतला.

“मला वाचाय येत न्हाई, पोरी. मोजाय येतं.”

“... दहा. आपत्कालीन प्रसंगी प्रत्यक्ष मदत केली असल्यास एका प्रसंगाची माहिती लिहा.”

“काय लिवलंस?”

“काही नाही. कोरा आहे.”

“तीन वर्सं माज्यामागं उतरतीस. किती जनं वर आनलीस. आन् कोरा?”

“एकच प्रसंग लिहायचा आहे.”

“मग लिव की एक.”

“मला एकच आठवतो,” वैजयंता म्हणाली.

बाबांनी सुई थांबवली.

तो प्रसंग गेल्या भादव्यातला. किसन शेलार, दुधाच्या टेम्पोचा चालक, वय सव्वीस. टेम्पो पाचव्या वळणावर उलटला. बाबा खाली क्लीनरला काढत होते, किसनजवळ वैजयंता एकटी होती. त्याचं पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि तो पाणी मागत होता. पोटाला असा मार असला की तोंडातून काहीही द्यायचं नाही. हे तिला पाठ होतं, आणि ते खरंही आहे.

घाटाच्या पायथ्याहून किसनची आई हौसाबाई धावत आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. वैजयंतानं तिचं मनगट धरलं, ते सोडलं नाही. हौसाबाई ओरडली, रडली, चावली. तरी सोडलं नाही. तांब्या कुठंतरी गडगडत गेला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला आणि किसन त्याच्या पाच मिनिटं आधी गेला.

हौसाबाई एवढंच म्हणाली, “माज्या लेकाला कोरड्या तोंडानं धाडलंस.”

हौसाबाईचं घर खालच्या एस.टी. थांब्याला लागून आहे. तेव्हापासून वैजयंता खालच्या थांब्यावर जात नाही. दोन मैल चढून वरच्या थांब्यावर जाते आणि विचारणाऱ्याला सांगते, तेवढाच सराव होतो.

“तुम्ही असता तर पाणी दिलं असतं?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मग माझं बरोबर!”

“पानी दिलं असतंस तर ह्यो फारम मीच फाडला असता.”

“मग करा सही.”

“कोऱ्यावर?”

“लिहिलं तर ते विचारतील, माणूस वाचला का. मग म्हणतील, हिच्या हातून माणूस गेला.”

“गेलाच की.”

वाऱ्यानं फॉर्मची पिशवी फडफडली. वैजयंतानं ती छातीशी धरली.

“आधीच सांगते, मी माफी मागणार नाही. हौसाबाईची नाही, कुणाचीच नाही. सगळं गाव तिच्या बाजूनं बोललं. बोलू दे. मी बरोबर होते.” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. त्याचा तिला आणखी राग आला.

बाबांनी दातानं दोरा तोडला. चादर फरशीवर अंथरली आणि तिच्यावर आडवे झाले.

“मी किसन. टेम्पो उलटलाय. कर सुरू.”

“बाबा, एस.टी...”

“मरतुय मी. एस.टी. काय करतीस?”

वैजयंतानं पोतं खाली टाकलं, गुडघ्यावर बसली आणि कामाला लागली. आणि खरं सांगायचं तर ते बघण्यासारखं होतं. मान हलू दिली नाही. श्वास बघितला, नाडी मोजली. बोटं भराभर अंगावरून फिरली, कुठं लागलंय ते शोधत. ओढणी सोडून मांडी आवळली. एकही हालचाल वाया गेली नाही.

“पानी,” बाबा म्हणाले.

“पाणी मिळणार नाही.”

“पानी दे गं...”

“नाही म्हणजे नाही.”

“पानी...”

या वेळी ती काहीच बोलली नाही. पाठ वळवून पाय बांधत राहिली.

बाबाही मग बोलले नाहीत. वैजयंतानं गाठ मारली, परत वळली. बाबांचे डोळे उघडे होते आणि आभाळाकडे लागले होते.

“झालं. बांधला,” ती म्हणाली.

“कुनाला? मी कवाच गेलो.”

“असं मधेच कसं जाता? सांगायचं तरी!”

“किसन सांगून गेला व्हता?”

बाबा उठून बसले. मांडीची ओढणी सोडून तिची तिला दिली.

“आता तू नीज.”

“कशाला?”

“नीज म्हनलं ना.”

ती आडवी झाली. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं. पोतं घेऊन ती चार वळणं चढून आली होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बाबांनी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हाताला एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“पाणी,” ती म्हणाली. पहिल्यांदा चेष्टेनं.

बाबांनी नुसतं बघितलं.

थोडा वेळ गेला. ऊन डोळ्यांत घुसत होतं. जीभ टाळूला चिकटली.

“बाबा, खरंच पाणी द्या.”

“आज न्हाई मिळायचं, वैजू.” बाबा तिच्या तोंडावर वाकले. सावली पडली. “पोटाला लागलंय तुज्या. डाक्टर बघंपातूर न्हाई मिळायचं. घसा वाळलाय, ठावं हाय मला. मी हितंच हाय.”

त्यांनी कबरीच्या उशाला हात घातला आणि पाण्याचा तांब्या ओढला. धुतलेल्या फडक्याचं टोक त्यात बुडवलं, पिळलं, आणि तिच्या ओठांवरून फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसरा हात तिच्या कपाळावर होता.

थेंबभरही पाणी घशाखाली गेलं नाही. तरी वैजयंताचे डोळे भरून आले.

तांब्या तिच्या चेहऱ्याजवळच होता. एका बाजूला चेपलेला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, भांड्याच्या दुकानात घालून देतात तसं. ती निजल्या निजल्या वाचू लागली.

हौ. बा. शेलार.

“हा...”

“पाचव्या वळनावर पडला हुता. चेपलाय जरा.”

ती रडली. गेल्या आठ महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. किसनच्या दहाव्याला नाही, गाव बोललं तेव्हाही नाही. आता रडली ते अगदी लहान मुलासारखी, नाक पुसायचं भान न ठेवता. बाबांनी तिला गप्प केलं नाही.

मग ती उठून बसली, आणि रडणं संपायच्या आत तिला संताप आला.

“हे पुस्तकात नाही!”

“नसंल.”

“तुम्हीही कधी सांगितलं नाहीत! तीन वर्षं तुमच्यामागं फिरले. गाठ शिकवलीत, दोर शिकवलात. एवढं साधं मला का नाही सांगितलंत?”

बाबा बराच वेळ चादरीच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिले.

“न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “सांगाय पायजे हुतं. मला वाटलं, कुनालाबी येतंय ते... माजी चूक हाय ती. माजा रकाना असंल फारमात तर त्यात लिव.”

असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम जागा करून दिली की तोल जातो. वैजयंताचाही गेला. तिनं पेन काढलं, फॉर्म पोत्यावर ठेवला आणि लिहायला लागली. मधे दोनदा थांबली. मग वाचून दाखवलं.

“किसन बाबू शेलार, वय सव्वीस. पोटाला मार. पाणी मागत होता, दिलं नाही. त्याच्या आईलाही देऊ दिलं नाही. देणं चूक झालं असतं. ओठ ओले करता आले असते, ते मला ठाऊक नव्हतं. त्याच्याशी दोन शब्द बोलता आले असते, ते ठाऊक असून बोलले नाही. किसन गेला. पुढच्या वेळीही पाणी देणार नाही.”

“ह्ये शेवटचं फारमात लिवत्यात?”

“लिहीत नसतील. मी लिहिलं.”

“खोडू नगंस.”

बाबांनी पेन मुठीत धरलं आणि अकराव्या रकान्यात सही केली. ल, ती, फ. त्यांना तेवढीच तीन अक्षरं येतात. तीही रकान्याबाहेर गेली.

“घेतील का मला?”

“मला काय ठावं? मी काय मुलाखत घेनार हाय?”

वैजयंतानं फॉर्म पिशवीत घातला. ओढणी झटकली. पोतं उचलायला वाकली.

“ऱ्हाऊ दे हितंच त्ये,” बाबा म्हणाले आणि उरलेलं पाणी झाडाला ओतून तांब्या तिच्यापुढं धरला. “ह्यो घे. खालच्या थांब्यावरबी तीच एस.टी. येती.”

तिनं हात पुढं केला नाही.

“आठ महिने तुमच्याकडं आहे. तुम्ही का नाही नेऊन दिला?”

“त्यो मी अडवला नव्हता.”

“मी माफी मागणार नाही, बाबा.”

“माफीचं कोन बोलतंय? दुसऱ्याचं भांडं हाय. परत कराय पायजे.”

तिनं तांब्या घेतला. दोन पायऱ्या उतरली. मान ताठ होती, ओठ अजून ओले होते.

“वैजू.”

ती वळली. बाबांनी दाराशेजारच्या रांजणाकडं बोट केलं.

“रिकामं भांडं परत करत न्हाईत, पोरी.”