अण्णांची माफीची खुर्ची

एका गावात एक लहानसं चर्च होतं, आणि त्या चर्चपेक्षा मोठे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव गमलिएल अण्णा. चर्चच्या पंचकमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. पाळकसाहेबसुद्धा उपदेश लांबला की आधी अण्णांकडे बघत.

फार गोड दिवस होते ते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या अंथरायच्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. हिरामणची ढोलकी सुरू झाली की म्हातारी माणसंही टाळ्यांचा ठेका धरायची. आणि त्या गावची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रभूच्या आठवणीची भाकर घेण्याच्या रविवारच्या, आदल्या शनिवारी ज्याने ज्याला दुखावलं असेल, त्याने त्याच्या दारी जाऊन माफी मागायची. त्याला समेटाचा शनिवार म्हणत. त्या दिवशी गावातली सगळी दारं उघडी असायची, आणि चुलीवरचा चहा काही उतरायचा नाही.

अण्णाही हा शनिवार पाळत. कसा? सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ओट्यावर खुर्ची टाकून बसत. ज्याची शेळी त्यांच्या मेथीत शिरली तो येई, जो रस्त्यात सलाम करायला विसरला तो येई. अण्णा सगळ्यांना माफ करत. वर उपदेशही देत, तो वेगळा. स्वतः मात्र ते कधी कुणाच्या दारी गेले नाहीत. "माझं कुणाशी वाकडंच नाही, तर जाऊ कुठे?" असं ते म्हणत, आणि देवाशपथ, त्यांना ते खरंच वाटायचं.

एकदा काय झालं, हिरामण ढोलकीवाला संध्याकाळी त्यांच्याकडे आला. बायको गेल्यापासून बिचारा खचला होता. दारू त्याने कधीच सोडली होती, पण त्या आठवड्यात त्याचा पाय घसरला. तो रडत म्हणाला, "अण्णा, गुत्त्यावर गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. कुणाला सांगू नका. माझ्यासाठी प्रार्थना करा."

"निर्धास्त राहा," अण्णा म्हणाले.

आणि अण्णांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त देवाला सांगितलं. रविवारी, मोठ्याने, भर चर्चमध्ये. "हे दयाळू पित्या, आमच्यात एक भाऊ आहे. तो तुझ्यासाठी ढोलकी वाजवतो आणि गुत्त्यावर जातो. त्याला सुबुद्धी दे!" नाव घेतलं नाही हो, अजिबात नाही. पण गावात ढोलकी वाजवणारे होतेच किती?

नेमकी त्याच रविवारी पिंपळवाडीची मंडळी उपासनेला आली होती. हिरामणच्या लेकीला, सलोमीला बघायला. मुलगी त्यांना पसंत होती, साखरपुड्याचं बोलणं व्हायचं होतं. उपासना सुटली आणि ती मंडळी जेवायलाही न थांबता निघून गेली. त्यानंतर त्यांच्याकडून काही निरोप आला नाही. हिरामणने ढोलकी खुंटीला टांगली आणि चर्चला येणं बंद केलं.

पुढे समेटाचा शनिवार आला. अण्णा खुर्चीवर बसले. लोक आले, गेले. दिवस कलला तरी हिरामण काही आला नाही. अण्णा चिडले. "बघ मार्था," ते बायकोला म्हणाले, "या माणसासाठी मी देवाजवळ इतकं रडलो, आणि हा उलट रुसून बसलाय."

मार्थाकाकू चहाचे कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग तुम्हीच जा की त्याच्याकडे. इतकी वर्षं बसून बसून खुर्ची झिजली, चपला तेवढ्या नव्याच्या नव्या आहेत."

अण्णांना टोमणा कळला नाही, पण कल्पना भारी आवडली. न मागता माफी द्यायची! असं गावात कुणी केलं नव्हतं. वाटेने चालता चालता त्यांनी उद्याची प्रार्थनाही मनात जुळवली. "हे पित्या, आमच्यात एक रुसलेला भाऊ आहे, आणि मी त्याच्या दारी गेलो..."

हिरामणने त्यांना घोंगडीवर बसवलं. सलोमीने पाण्याचा तांब्या आणला.

"हिरामण, मी तुला माफ केलं," अण्णा म्हणाले.

"कशाबद्दल, अण्णा?"

"अरे, कशाबद्दल म्हणजे? चर्च सोडलंस, ढोलकी टांगलीस. मी तुझ्यासाठी किती कळकळीने प्रार्थना केली होती!"

"ऐकली ना. सगळ्यांनीच ऐकली." हिरामण शांतपणे म्हणाला, "एक विचारू? देवाला सांगितलेली गोष्ट पिंपळवाडीला कशी पोचली?"

सलोमी तांब्या खाली ठेवून आत निघून गेली. आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज आला.

'तुझ्या भल्यासाठीच केलं,' हे अण्णांच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच ओठांवर उद्याची प्रार्थनाही तयार होती, रुसलेल्या भावाची. उद्या ते पुन्हा तेच करणार होते! अण्णांना ती प्रार्थना आपल्याच कानांनी ऐकू आली, आणि त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. ज्याला माफ करायला ते आले होते, त्याचेच ते अपराधी होते.

"हिरामण, चुकलो रे," ते कसेबसे म्हणाले.

"इतक्या हळू नका म्हणू, अण्णा. त्या दिवशी तुमचा आवाज मोठा होता."

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे अण्णांना प्रार्थना करायला सांगितली. लांबलचक होणार म्हणून बायकांनी मुलं मांडीवर निजवली. "हे पित्या, आमच्यात एक भाऊ आहे," अण्णांनी सुरुवात केली. आज कुणाची पाळी, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"त्याच्यापाशी एक दुखावलेला माणूस विश्वासाने रडला. याने तुझं नाव पुढे करून त्याचं दुःख चव्हाट्यावर मांडलं, आणि एका लेकीचं लग्न मोडायला आणलं. तो भाऊ मी, गमलिएल. मला क्षमा कर. आमेन."

एवढं बोलून अण्णा उठले. भाकर न घेताच चपला घालून तडक पिंपळवाडीच्या वाटेला लागले. मुलाच्या बापापुढे त्यांनी हात जोडले. "हिरामण एकदा पडला आणि रडत उठला," ते म्हणाले. "मी तर पडलेलोच होतो, आणि मला वाटायचं मीच ताठ उभा आहे. माझ्या पापाची शिक्षा त्या पोरीला देऊ नका."

लग्न झालं. वरातीत हिरामणने अशी ढोलकी वाजवली की जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात. अण्णा त्या दिवशी पंगतीत पाणी वाढत होते.

आता त्या गावात चर्च पक्कं झालं आहे. लाउडस्पीकर आहे, बाकं आहेत. समेटाचा शनिवार मात्र कुणी पाळत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं. अण्णा होते तोवर त्यांनी तो पाळला. त्या दिवशी ओट्यावरची खुर्ची रिकामीच दिसायची. "अण्णा कुठे?" म्हणून कुणी विचारलं, की मार्थाकाकू हसून सांगायच्या, "माफी मागायला गेलेत. आज काही लवकर यायचे नाहीत."

तात्पर्य: दुसऱ्याला माफ करायला निघण्याआधी आपली कुणाकडे माफी मागायची राहिली आहे का, ते पाहावं. दुसऱ्याचं पाप मोठ्याने सांगणारी आणि स्वतःचं गिळून टाकणारी प्रार्थना गावभर फिरते, देवापर्यंत मात्र पोचत नाही.